विमा मुलांसाठी आहे, पण पैसा कोणाच्या हातात जाणार?

ताई, तुमचा प्रश्न आधी इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे तुमच्यासारख्या इतरांनाही हे उत्तर किती लागू पडतं ते कळेल. गुहागर तालुक्यात समुद्रालगत घर. पती तीन वर्षांपूर्वी गेले. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा, घरी सासूबाई. खानावळ, पर्यटकांसाठी दोन खोल्या, मे महिन्यात आंबापोळी आणि कोकमाचं आगळ. पतींच्या हयातीत घेतलेली पाच लाखांची विमा पॉलिसी, तिच्यावर नॉमिनी म्हणून अजून त्यांचंच नाव. तीन लाखांची ठेव, खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचे चार लाख शिल्लक, आणि सातबारावर आठ जणांची नावं. दीर मुंबईला, भाऊ चिपळूणला. दीर म्हणतात, "मृत्युपत्र कशाला, आम्ही आहोत ना." आणि तुम्ही विचारता: सगळं मुलांनाच जाणार असेल तर मृत्युपत्र खरंच हवं का, आणि विमा वाढवू का?

रत्नागिरी जिल्ह्यात दिवाणी वकिली करताना मला सव्वीस वर्षं झाली. दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असंच आहे. मात्र ही कामं कोणत्या क्रमाने आणि कशी करायची, ते नीट समजून घ्या.

दिरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ च्या कलम १५ प्रमाणे मृत्युपत्र न करता बाई गेली, तर तिची मालमत्ता सर्वांत आधी मुलं आणि नवरा यांच्याकडे जाते. पती हयात नाहीत, म्हणजे सगळं तुमच्या दोन मुलांना, निम्मं निम्मं. त्यात दीर येत नाहीत, तुमचा भाऊ येत नाही, सासूबाईही येत नाहीत. पण मुलगा ९ वर्षांचा आहे. तो बँकेत लाखाच्या ठेवीवर सही करू शकत नाही, विम्याचा दावा दाखल करू शकत नाही, कोणाला नोटीस देऊ शकत नाही. तो १८ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या वतीने हे सगळं दुसरं कोणीतरी करणार. ते माणूस कोण, याबद्दल तुम्ही काही लिहून ठेवलं नसेल तर उत्तर मोकळंच राहतं. आजी, काका, मामा ही कितीही जिव्हाळ्याची माणसं असली तरी कायद्याच्या दृष्टीने नैसर्गिक पालक नाहीत. मग १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो, आणि बऱ्याचदा तिथेच काका आणि मामा पहिल्यांदा समोरासमोर उभे राहतात.

विधवा आईला मृत्युपत्राने मुलांचा पालक नेमता येतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ च्या कलम ९ ने तुम्हाला तो अधिकार दिला आहे. तुमच्या नावावर एक गुंठा जमीन नसती, तरी केवळ या एका कारणासाठी मी तुम्हाला मृत्युपत्र करायला सांगितलं असतं.

आता पॉलिसीकडे या, कारण तिथली चूक आजच दुरुस्त होण्यासारखी आहे. नॉमिनी हयात नसेल तर विम्याचा पैसा सरळ मुलांकडे जात नाही. तुमच्या इतर मालमत्तेसारखा तो वारसांचा विषय बनतो, आणि रक्कम मोठी असली की कंपनी न्यायालयाचा वारसा दाखला मागते. दोन अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलांच्या वतीने तो अर्ज करायला पुन्हा पालक हवा. मुलीच्या बारावीची फी भरायची वेळ येईल आणि पैसे कंपनीकडेच पडून असतील. म्हणून शाखेत जाऊन नामनिर्देशन बदला. दोन्ही मुलांची नावं घाला, प्रत्येकी ५० टक्के. मुलं अज्ञान असल्याने अर्जावर 'अपॉइंटी' विचारतील, म्हणजे मुलांच्या वतीने रक्कम स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती. तिची सहीही त्या अर्जावर लागते. अपॉइंटीचं नाव घाईत टाकू नका, त्याबद्दल पुढे सांगतो.

विमा कायद्याच्या कलम ३९ मध्ये २०१५ साली दुरुस्ती झाली. त्यानंतर आईवडील, जोडीदार किंवा मुलं यांना नॉमिनी केलं तर तो पैसा त्यांच्या हक्काचा मानला जातो. बँकेतल्या ठेवीचं तसं नाही. तिथला नॉमिनी पैसा घेतो तो वारसांच्या वतीने. शेअर्सबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं, की नामनिर्देशनामुळे वारसाहक्क बदलत नाही. तुमच्या ठेवीवर भावाचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर तो मालक होत नाही, पण पैसा त्याच्या हातात मात्र पडतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी ठेवता येतात, तेव्हा तिथेही मुलांची नावं लावून घ्या. आणि नॉमिनीचं नाव व मृत्युपत्रातला मजकूर एकमेकांशी जुळू द्या. दोन कागद दोन गोष्टी सांगायला लागले की वकिलांना काम मिळतं आणि मुलांची वर्षं जातात.

माझ्याकडे एक मुलगा आला होता, नुकतीच अठरा पूर्ण झालेला. आई गेली तेव्हा तो दहाचा होता. विम्याचे बारा लाख मामाने अपॉइंटी म्हणून घेतले होते. मामाने मुलाला स्वतःच्या लेकरासारखं वाढवलं, यात मुलाचीही तक्रार नव्हती. पण पैसे मामाच्या खात्यात होते. एका वर्षी बोटीचं इंजिन गेलं, मग मासळीचा हंगाम पडला, आणि 'पुढच्या वर्षी परत भरू' म्हणत म्हणत सगळे संपले. मामा माझ्यासमोर बसून रडला. त्या माणसाला मी चोर म्हणणार नाही. मूल आणि पैसा दोन्ही त्याच्या एकट्याच्या हातात होतं, आणि हिशेब विचारणारं कोणी नव्हतं. मुलाने दावा लावला नाही. लावला असता तरी वसूल कशातून करणार होतो?

तेव्हापासून मी प्रत्येक एकट्या आईला आणि एकट्या बापाला एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: मूल सांभाळणारं माणूस आणि पैसा सांभाळणारं माणूस वेगळं ठेवा. तुमचा भाऊ मुलांना घरी नेणार असेल, तर पैशावर दुसरं कोणीतरी असू द्या. सासरकडचं एक आणि माहेरकडचं एक अशी दोन माणसं विश्वस्त नेमली तर उत्तम. तुमचे दीर भले असतील तर त्यांना इथे मानाने आत घ्या. 'आम्ही आहोत ना' म्हणणाऱ्या माणसाला कागदावर जबाबदारी द्या. त्यात त्यांचा अपमान होत नाही, उलट उद्या कोणी बोट दाखवलं तर त्यांच्याकडे लेखी अधिकार असतो. मग विम्याचा अपॉइंटीही याच दोघांपैकी एक ठेवा, शक्यतो ज्याच्या घरी मुलं राहणार नाहीत तो.

मृत्युपत्रातला हा भाग साधारण असा असावा: "माझ्या पश्चात माझ्या अज्ञान मुलांचे पालक म्हणून मी माझा सख्खा भाऊ यांची नेमणूक करते. ते हयात नसल्यास अथवा त्यांनी नकार दिल्यास माझी मावसबहीण यांनी पालक म्हणून काम पाहावे. माझी सर्व रक्कम व ठेवी माझे दीर व माझी मैत्रीण यांनी विश्वस्त म्हणून संयुक्त सहीने, स्वतंत्र खात्यात ठेवाव्यात. त्यातून मुलांचे पालनपोषण, शिक्षण व औषधोपचार यांचा खर्च करावा, दरवर्षी पालकांना लेखी हिशेब द्यावा, आणि धाकट्या मुलास २३ वर्षे पूर्ण झाल्यावर उरलेली रक्कम दोन्ही मुलांना समान वाटून द्यावी." नावं, पत्ते, वयं पूर्ण लिहा. एक पर्यायी नाव प्रत्येक ठिकाणी हवंच. आणि ज्यांची नावं घालाल त्यांना आधी विचारा. नेमलेला पालक नाही म्हणू शकतो, आणि नाही म्हणायचंच असेल तर ते तुम्ही असताना म्हटलेलं बरं.

इथे एक मर्यादा आहे. मुलांना नॉमिनी केल्यावर विम्याचा पैसा त्यांचा होतो, मृत्युपत्रातून फिरत नाही. मुलगा अठराचा झाला की तो आपला वाटा मागू शकतो. अठराव्या वर्षी हातात वीस-पंचवीस लाख पडणं मला बरं वाटत नाही. त्याला सोपा उपाय असा, की नवी पॉलिसी घेतानाच रकमेचा काही भाग एकदम आणि उरलेला दरमहा हप्त्याने अनेक वर्षं मिळेल असा पर्याय निवडायचा. बहुतेक मुदत विम्यांत, म्हणजे टर्म इन्शुरन्समध्ये, तो असतो. रक्कम फारच मोठी असेल तर हयातीतच खाजगी विश्वस्त संस्था, म्हणजे ट्रस्ट, करून पॉलिसी तिच्या नावे सुपूर्द करता येते. तुमच्या परिस्थितीत मी हप्त्याचा पर्याय सुचवेन.

विमा किती? कागद घ्या आणि मुलांचा खर्च लिहा. तुम्ही महिन्याला १८,००० सांगितलेत. धाकटा २४ वर्षांचा होईपर्यंत १५ वर्षं धरली तर ३२,४०,००० होतात. दोघांच्या शिक्षणाचे सहा-सहा लाख आणि कर्जाचे चार लाख धरून बेरीज ४८,४०,०००. त्यातून सध्याची पॉलिसी आणि ठेव मिळून आठ लाख वजा. साधारण चाळीस लाख कमी पडतात. महागाई बघता पन्नास लाखांचा शुद्ध मुदत विमा घ्या, तुमच्या ६० व्या वर्षापर्यंतचा. ८५ वर्षांपर्यंतचं संरक्षण विकायला कोणी आलं तर घेऊ नका. तोपर्यंत मुलं तुम्हाला सांभाळत असतील. पैसे परत मिळणारा विमाही इथे कामाचा नाही, कारण त्याच हप्त्यात मिळणारं संरक्षण फार तोकडं असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झाला आहे.

आणि 'मुलाच्या नावाने पॉलिसी' घ्यायला सांगणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: विमा कोणाच्या जिवाचा आहे? मुलाच्या जिवाचा असेल तर तुमच्या पश्चात तो कामाला येत नाही. घर तुमच्या कमाईवर चालतं, विमा तुमच्या जिवाचा हवा.

अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची येईल. खानावळीचा आणि खोल्यांचा पैसा रोखीत येतो, आयकर विवरणपत्र भरलेलं नसतं, आणि मग कंपनी पन्नास लाखांचा विमा द्यायला तयार होत नाही. कर बसत नसला तरी या वर्षापासून विवरणपत्र भरायला लागा. तोपर्यंत बँकेतून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा घ्या: वर्षाला ४३६ रुपये, दोन लाखांचं संरक्षण, वय ५० पर्यंत सामील होता येतं. सोबत सुरक्षा विमा, २० रुपयांत अपघाती मृत्यूला दोन लाख. दोन्हींचं वर्ष १ जूनला सुरू होतं, म्हणून मे अखेरीस खात्यात पैसे राहू द्या. तिथेही नॉमिनी कोण ते तपासा. पतींचंच नाव असण्याची शक्यता आहे. सातबारावर तुमचं नाव असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनाही तुम्हाला लागू होते, दोन लाखांची. उंचावरून पडणं, सर्पदंश, वीज पडणं हे तिच्यात येतं. आंब्यावर चढणाऱ्यांच्या घरात हे माहीत असायला हवं. मासेमारी करणाऱ्या घरांसाठी मत्स्यसंपदा योजनेखाली पाच लाखांचा सामूहिक अपघात विमा आहे.

अर्ज भरताना खरं लिहा. आमच्याकडे बायका मशेरी लावतात आणि 'तंबाखू घेता का' या रकान्यात सरळ 'नाही' लिहितात. मशेरी म्हणजे तंबाखूच. रक्तदाब, थायरॉईडच्या गोळ्या, सगळं सांगा, हप्ता थोडा वाढला तरी चालेल. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पॉलिसीला तीन वर्षं झाल्यावर कंपनीला ती आव्हान देता येत नाही, पण त्या आधी दावा आला तर ते प्रत्येक ओळ तपासतात. नावाचंही बघा. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, सातबारावर तिसरंच, असं असेल तर आत्ताच एकसारखं करून घ्या.

जमिनीबद्दल. मृत्युपत्राने तुम्ही फक्त तुमचा हिस्सा देऊ शकता, म्हणून आधी तो किती ते ठरवा. पतींनी मृत्युपत्र केलं नव्हतं, तर त्यांच्या हिश्शाचे चार सारखे भाग होतात: तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई. वारस नोंदीचा फेरफार झाला आहे का, ते तलाठ्याकडे बघा. मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणून तुमचं नाव लागलेलं असायला हवं. जुन्या सातबारावर अनेकदा एकट्या थोरल्या भावाचं नाव 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणून असतं आणि बाकीच्यांना वाटतं आपला हक्कच नाही. हक्क असतो, नोंद करायची राहिलेली असते. मुलांच्या स्वतःच्या नावावर आलेली जमीन न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. तुम्हालाही नाही, पुढच्या पालकालाही नाही. किनाऱ्यालगतच्या जागांना आज जो भाव आला आहे, त्यात हे मुलांचं मोठं संरक्षण आहे. सासूबाईंचा चौथा भाग पुढे त्यांच्या वारसांत जाईल, आणि त्यात तुमच्या मुलांनाही वडिलांच्या जागी वाटा आहे. तो विषय त्यांच्याशी सावकाश, मायेने बोला.

घर ग्रामपंचायतीच्या घरपत्रकावर कोणाच्या नावे आहे, तेही एकदा बघून घ्या. बहुतेक सासऱ्यांच्याच असेल.

तुमच्यापेक्षा वेगळी परिस्थिती असलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. घटस्फोट झालेल्या आईचं काम जास्त अवघड आहे. मुलांचे वडील हयात असतात आणि कायद्याने ते नैसर्गिक पालक असतात. मृत्युपत्राने नेमलेला मामा त्यांच्यापुढे आपोआप टिकत नाही. न्यायालय मुलाचं हित बघतं, म्हणून ताब्याचा हुकूम, पोटगी थकल्याचे कागद, शाळेच्या फीच्या पावत्या जपून ठेवा आणि आपली कारणं मृत्युपत्रात शांत भाषेत लिहा. पैशाचं मात्र पूर्णपणे तुमच्या हातात आहे: विश्वस्त नेमले की तुमची मालमत्ता मुलांच्या वडिलांच्या ताब्यात जात नाही. लग्नाशिवाय आई झालेल्या स्त्रीला पालक म्हणून पहिला हक्क तिचाच आहे, आणि तीही मृत्युपत्राने पालक नेमू शकते.

याहून मला काळजी वाटते ती माहेरी येऊन दहा-बारा वर्षं झालेल्या, पण कोर्टात कधीच न गेलेल्या बायकांची. त्यांना आपण मोकळ्या झालो असं वाटतं. कायद्याने नवरा अजून नवराच आहे, आणि मृत्युपत्र नसेल तर मुलांच्या बरोबरीने त्याला वाटा मिळतो. अशा ताईंनी हे काम पुढच्या महिन्यावर टाकू नये.

पत्नी गमावलेल्या वडिलांना १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली मुलांच्या नावे पॉलिसी घेता येते का, ते विमा कंपनीला विचारावं. ती पॉलिसी विश्वस्ताच्या स्वरूपाची असते आणि सावकारांचे हात तिच्यापर्यंत पोचत नाहीत. मुस्लिम कुटुंबांत मृत्युपत्राने एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, आणि वारसाला द्यायचं तर इतर वारसांची संमती लागते. गोव्यातला वारसा कायदा पूर्णपणे वेगळा आहे, तिथे निम्म्या मालमत्तेवर सक्तीच्या वारसांचा हक्क राखलेला असतो. सावंतवाडीपलीकडे सासर असेल तर तिथल्याच वकिलाला विचारा.

मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलेलंही चालतं. तुमची सही आणि दोन साक्षीदार हवेत, त्यांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं हवं. ज्यांना काही मिळणार आहे अशांना साक्षीदार करू नका. तुमच्यापेक्षा वयाने लहान आणि गावातच राहणारी माणसं घ्या. मुंबईचा पाहुणा गणपतीला आलाय म्हणून त्याची सही घेतात आणि वीस वर्षांनी तो कुठे सापडत नाही. एक साक्षीदार गावचे डॉक्टर असले तर फार चांगलं. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकांकडे करून घ्या. खर्च नाममात्र आहे, आणि घरातला कागद हरवला तर तिथून नक्कल मिळते. पुढे मन बदललं तर मृत्युपत्र बदलता येतं, शेवटचं ते खरं.

सगळे कागद एका घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा: पॉलिसी, मृत्युपत्राची प्रत, ठेवींच्या पावत्या, सातबारा, फेरफार, पतींचा मृत्यू दाखला. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत नको. आपल्याकडच्या पावसात तिथे वाळवी लागते आणि शाई उतरते, मी अशी मृत्युपत्रं हातात घेतली आहेत. डबा कुठे आहे हे भावाला आणि दिरांना दोघांनाही सांगा. मुलगी १३ वर्षांची आहे, तिलाही दाखवा. घाबरेल म्हणून लपवू नका. वडील गेल्यावरचे तीन महिने घरात कागद शोधताना तिने पाहिले आहेत. पण पहिलं काम पॉलिसीच्या नॉमिनीचं, तेवढं या आठवड्यातच करा.